एजंट ऑरेंज आणि व्हीएची भरपाई : व्हिएतनामच्या काळात सैन्यात असलेल्या व्याह्यांसाठी क्लेम कसा करायचा

अमेरिकेत दोन-तीन दशकं काढलेल्या मराठी घरांत आता अमेरिकन सुना आणि जावई आले आहेत, म्हणजे अमेरिकन व्याही-विहीणही आले. त्यातले पंचाहत्तरी ओलांडलेले काही व्याही तरुणपणी व्हिएतनामात, थायलंडच्या एखाद्या विमानतळावर किंवा त्या किनाऱ्याजवळच्या जहाजावर होते. आज कुणाला मधुमेह आहे, कुणाला दोन स्टेंट घातलेत, कुणाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. वय झालं की हे व्हायचंच, असं घरातले सगळे धरून चालतात. पण तिथे फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकामुळे हे आजार झाले असं धरून अमेरिकन सरकार दरमहा पैसे देतं, हे अनेकांना माहीतच नसतं. आणि ज्यांना माहीत असतं ते म्हणतात, "माझ्यापेक्षा जास्त गरज असलेल्यांना मिळू दे."

त्यांना आधी हे समजावून सांगा : ही भरपाई ठरावीक रकमेतून वाटली जात नाही. एकाने अर्ज केला म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. कायद्याने दिलेला हक्क आहे तो. आणि त्यांच्या पश्चात पत्नीला काय मिळणार, हे पुष्कळदा त्यांनी आज काय केलं यावर ठरतं. हे शेवटचं वाक्य मी सांगितलं की बहुतेक जण कागद शोधायला उठतात.

फवारलं काय होतं

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन हवाईदलाने 'ऑपरेशन रँच हँड' या नावाने दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि पिकांवर तणनाशकं फवारली. झाडी उरली नाही की शत्रूला लपायला जागा उरणार नाही, आणि पीक गेलं की त्याला अन्न मिळणार नाही, हा हेतू. सी-१२३ जातीच्या विमानांतून एकूण ७ कोटी लिटरहून जास्त रसायन सोडलं गेलं. पिंपांवरच्या रंगीत पट्ट्यावरून त्यांना नावं पडली : ऑरेंज, व्हाइट, ब्लू, पर्पल. सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते एजंट ऑरेंज. त्यात २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन तणनाशकं निम्मी-निम्मी होती. घात केला तो २,४,५-टी बनवताना तयार होणाऱ्या डायॉक्सिनने, त्यातही टीसीडीडी या अतिविषारी प्रकाराने. आपल्याकडच्या ऊसपट्ट्यात आजही २,४-डी विकलं जातं, म्हणून हा फरक मराठी वाचकाने लक्षात ठेवलेला बरा.

ज्यांच्या डोक्यावर हे पडलं त्या व्हिएतनामी लोकांनी रसायन कंपन्यांवर केलेला दावा अमेरिकेच्या न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. या लेखात ज्या व्यवस्थेची माहिती आहे ती फक्त अमेरिकन सैनिकांसाठी आहे. त्या गावांतल्या माणसांना अशी कुठलीच खिडकी मिळाली नाही, याची बोच मला हे लिहिताना आहे.

सिद्ध काय करायचं आणि काय नाही

सगळ्या प्रक्रियेचा गाभा इथे आहे. एरवी व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या खात्याकडे, अपंगत्व भरपाई मागताना तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : सेवेत काहीतरी घडलं, आज आजार आहे, आणि त्या दोन्हींचा वैद्यकीय संबंध आहे. एजंट ऑरेंजच्या बाबतीत ही तिसरी गोष्ट दाखवणं जवळजवळ अशक्य होतं. पन्नास वर्षांपूर्वी अंगावर पडलेल्या धुक्यामुळेच आज हा कर्करोग झाला, हे कोणता डॉक्टर छातीठोकपणे सांगणार? १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने तो प्रश्नच काढून टाकला. ठरावीक काळात ठरावीक ठिकाणी असलेल्या सैनिकाला फवारणीचा संपर्क झाला असं कायदा गृहीत धरतो. त्याला यादीतला आजार झाला, तर तो त्यामुळेच झाला हेही गृहीत धरतो.

म्हणजे दाखवायचं एवढंच : हा माणूस तिथे होता, आणि त्याला हा आजार आहे. "मी फवारणी करणाऱ्यांत नव्हतो", "माझ्या अंगावर काही पडल्याचं आठवत नाही", ही वाक्यं इथे गैरलागू आहेत. सायगॉनच्या कार्यालयात टंकलेखन करणाराही पात्र आहे.

एक अट आहे. डिस्चार्ज 'डिसऑनरेबल' नसावा. तसा असेल तरी तो बदलून घेण्याची वेगळी प्रक्रिया आहे, तिथेच थांबू नका.

पहिलं काम : तारीख पकडा

कागद गोळा करायच्या आधी हे करा. व्हीएला 'इंटेंट टू फाइल' कळवा, म्हणजे "मी क्लेम करणार आहे" एवढीच सूचना. फॉर्मचा क्रमांक २१-०९६६. व्हीएच्या वेबसाइटवर अपंगत्वाचा अर्ज सुरू करून जतन केला, तरी ती तारीख आपोआप नोंदली जाते. ८००-८२७-१००० या क्रमांकावर फोन करूनही नोंदवता येते.

त्या दिवसापासून पूर्ण अर्ज द्यायला १ वर्ष मिळतं. वर्षाच्या आत अर्ज गेला आणि मंजूर झाला, तर पैसे सहसा या पहिल्या तारखेपासून मोजले जातात. कागद शोधण्यात आठ महिने गेले तर त्या आठ महिन्यांची थकबाकी मिळते. सूचना दिलेली नसेल तर ते आठ महिने बुडाले. आज रात्रीच हे करून टाका.

इथे एक मोठा गैरसमज आहे. व्हीएच्या दवाखान्यात 'एजंट ऑरेंज रजिस्ट्री'ची मोफत तपासणी होते. ती करून घेतलेले कितीतरी जण वर्षानुवर्षं समजत राहतात की आपला अर्ज झालेला आहे. ती तपासणी म्हणजे क्लेम नव्हे. व्हीएच्या दवाखान्यात उपचार घेणं हाही क्लेम नव्हे. व्याह्यांनी "मी ते सगळं केलंय" असं म्हटलं, तर नेमकं काय केलंय ते विचारा आणि निर्णयाचं पत्र पाहायला मागा. पत्र नसेल तर बहुधा क्लेमही नसतो.

सोबतीला कोण

अर्ज स्वतःचा स्वतः करता येतो, पण मी तरी तसं सुचवणार नाही. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन, व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात. बऱ्याच काउंट्यांत सरकारी 'व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर' असतो, तोही फुकट. फॉर्म २१-२२ भरून त्यांना प्रतिनिधी नेमायचं.

मूळ अर्जासाठी कुणीही फी घेणं कायद्याला धरून नाही. "तुमचं रेटिंग, म्हणजे अपंगत्वाचे टक्के, वाढवून देतो, वाढीव रकमेचे पाच-सहा महिन्यांचे पैसे आम्हाला द्या," असं सांगणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती म्हाताऱ्या माणसांना सारख्या दिसतात. त्यांना सरळ नाही म्हणा. व्हीएच्या विधी कार्यालयाच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त व्यक्तींची यादी आहे, तिच्यात नाव नसेल तर बोलणंच नको. वकील फी घेऊ शकतो ती पहिला निर्णय आल्यानंतरच्या कामाची. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी धरली जाते, ३३⅓ टक्क्यांच्या वरची अवाजवी.

तुम्ही सून किंवा जावई म्हणून धावपळ करणार असाल तर हेही माहीत असू द्या : साध्या मुखत्यारपत्रावर व्हीए तुम्हाला प्रतिनिधी मानत नाही. फोनवर तुमच्याशी बोलायलाही व्याह्यांनी सही केलेला २१-०८४५ हा संमतीचा फॉर्म लागतो. तो सुरुवातीलाच देऊन ठेवला की पुढची कटकट वाचते.

ते तिथे होते, याचा कागद

आधी ठिकाणं आणि तारखा बघू. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने हे वर्तुळ बरंच मोठं केलं, त्यामुळे पूर्वी 'तुम्ही बसत नाही' असं ऐकलेल्यांनी ही यादी नव्याने वाचावी.

व्हिएतनाम : ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात कितीही वेळ. विमान इंधन भरायला उतरलं आणि माणूस तासभर धावपट्टीवर उभा राहिला, तरी चालतं. नद्यांवरच्या बोटी यात आल्या. समुद्रातली जहाजंही, किनारपट्टीच्या निर्धारित रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत असतील तर. जहाजांवरच्या खलाशांना वर्षानुवर्षं "तुम्ही जमिनीवर पाय ठेवला नाही" म्हणून परत पाठवलं जात होतं. जानेवारी २०१९ मध्ये प्रोकोपियो खटल्यात फेडरल अपील न्यायालयाने ते चूक ठरवलं. त्याच वर्षी 'ब्लू वॉटर नेव्ही' कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झाला.

थायलंड : ९ जानेवारी १९६२ ते ३० जून १९७६, कोणताही अमेरिकन किंवा थाई लष्करी तळ. पूर्वी इथे तळाच्या कुंपणाजवळ ड्यूटी होती हे दाखवावं लागे, आता लागत नाही. लाओस : १ डिसेंबर १९६५ ते ३० सप्टेंबर १९६९. कंबोडियात कांपोंग चाम प्रांतातल्या मिमोट किंवा क्रेक इथे १६ ते ३० एप्रिल १९६९. ग्वाम, अमेरिकन सामोआ आणि त्यांचा सागरी हद्दीतला भाग : ९ जानेवारी १९६२ ते ३१ जुलै १९८०. जॉन्स्टन बेट : १ जानेवारी १९७२ ते ३० सप्टेंबर १९७७. कोरियाचा निर्लष्करी पट्टा : १ सप्टेंबर १९६७ ते ३१ ऑगस्ट १९७१, पण तिथे ठरावीक तुकड्याच मोजल्या जातात. शिवाय युद्धानंतर तीच सी-१२३ विमानं चालवणारे आणि दुरुस्त करणारे हवाईदलाचे राखीव सैनिकही यात येतात.

ग्वामवर जे होते त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्या. बी-५२ बॉम्बर तिथून उडत. त्या तळावर स्वयंपाकी, मेकॅनिक, कारकून म्हणून राहिलेल्या माणसांच्या डोक्यात आपला व्हिएतनामशी संबंध असल्याचं येतही नाही.

पुराव्याचा मुख्य कागद डीडी-२१४. डिस्चार्जच्या वेळी मिळालेला हा कागद बहुतेकांच्या घरात असतो, निदान पोटमाळ्यावरच्या खोक्यात. त्यातला परदेश सेवेचा आणि शेऱ्यांचा रकाना वाचा. पदकं बघा. कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज असेल किंवा 'व्हिएतनाम' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर काम सोपं. मात्र व्हिएतनाम सर्व्हिस मेडल एकट्याने पुरेसं नसतं, कारण ते दूर समुद्रात असलेल्या जहाजांनाही मिळालं होतं.

डीडी-२१४ सापडत नसेल तर सेंट लुइसच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेखागारातून फुकट मागवता येतं, ऑनलाइन किंवा एसएफ-१८० फॉर्मवर. अर्जावर सही सैनिकाची हवी. तो हयात नसेल तर पत्नी, मुलं किंवा भावंडांची. सून-जावयांच्या सहीवर फाइल मिळत नाही. १२ जुलै १९७३ ला त्या इमारतीला आग लागून दीड कोटीहून जास्त फाइली जळाल्या. पण त्या १९६० पूर्वी बाहेर पडलेल्या आर्मीच्या आणि १९६४ पूर्वी बाहेर पडलेल्या हवाईदलाच्या माणसांच्या होत्या. "माझे कागद जळाले" असं सांगणाऱ्या व्हिएतनाम काळातल्या बहुतेकांचे कागद खरं तर शाबूत आहेत.

जहाजावरच्या माणसासाठी जहाजाचं नाव आणि महिने महत्त्वाचे. व्हीएने पात्र जहाजांची यादी प्रसिद्ध केलेली आहे आणि जहाजांच्या डेक लॉगवरून ती कुठे होती हे व्हीए स्वतः तपासते. तुम्ही नाव, काळ आणि बंदर लिहून द्या : दा नांग, कॅम रान्ह, व्हुंग टाऊ.

अधिकृत कागद पुरे पडत नसतील तर आजूबाजूचं गोळा करा. पाठीमागे तारीख आणि गाव लिहिलेले फोटो, घरी पाठवलेल्या पत्रांचे टपालशिक्के, बदलीचे हुकूम, विमानाचं तिकीट. बरोबरच्या सैनिकाचं निवेदन, फॉर्म २१-१०२१०, फार उपयोगी पडतं. "आम्ही दोघं १९६८ च्या उन्हाळ्यात अमुक तळावर एकाच तुकडीत होतो" अशी दोन नेमकी वाक्यं भरपूर झाली.

आजार : यादी आणि तिचे बारकावे

यादीत सगळ्यांत जास्त दिसणारे आजार असे : टाइप २ मधुमेह, इस्केमिक हृदयविकार म्हणजे हृदयाच्या धमन्या आकसण्याचा विकार, उच्च रक्तदाब, प्रोस्टेटचा कर्करोग, पार्किन्सन. त्यांच्याखेरीज फुप्फुस, स्वरयंत्र, श्वासनलिका यांचे कर्करोग, मूत्राशयाचा कर्करोग, हायपोथायरॉइडिझम, पार्किन्सनसारखी लक्षणं असलेला पार्किन्सोनिझम, मल्टिपल मायलोमा आणि त्याच्या आधीची एमजीयूएस ही अवस्था, हॉजकिन्स आणि नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा, सीएलएलसह जीर्ण बी-पेशी ल्युकेमिया, एएल अमायलॉइडोसिस, मऊ ऊतींचे काही सार्कोमा. क्लोरॅक्ने, पोर्फिरिया क्युटेनिया टार्डा आणि लवकर सुरू होणारी परिघीय न्यूरोपथी या तिघांना संपर्कानंतर वर्षाच्या आत दिसल्याची अट आहे, त्यामुळे आज ते क्वचितच कामी येतात. मूत्राशयाचा कर्करोग, थायरॉइड आणि पार्किन्सोनिझम २०२१ पासून यादीत आले. रक्तदाब आणि एमजीयूएस २०२२ च्या पॅक्ट कायद्याने.

यादीबाहेरच्या आजारासाठीही अर्ज करता येतो, पण मग वैद्यकीय संबंध डॉक्टरच्या पत्राने दाखवावा लागतो.

आता ज्यावर लोक पाणी सोडतात त्याबद्दल. यादीतल्या आजारामुळे झालेला दुसरा आजारही भरपाईला पात्र असतो. मधुमेहामुळे पायाला मुंग्या आणि बधिरपणा, मूत्रपिंडाचा विकार, डोळ्याच्या पडद्याचा विकार. रक्तदाबामुळे पक्षाघात. फक्त मधुमेह लिहून अर्ज दिला तर गोळ्या चालू असलेल्या माणसाला साधारण २० टक्के मिळतात आणि बधिर झालेले पाय कागदावर येतच नाहीत. प्रत्येक परिणाम अर्जात स्वतंत्र ओळीवर लिहा, "मधुमेहामुळे" असं स्पष्ट म्हणत.

रक्तदाबाची गंमत वेगळी आहे. १० टक्क्यांसाठी खालचा आकडा बहुतेक वेळा किमान १०० किंवा वरचा किमान १६० असावा लागतो, किंवा मग खालचा आकडा पूर्वी १०० किंवा त्याहून जास्त होता आणि म्हणून आता कायम औषध लागतं, हे दाखवावं लागतं. गोळ्यांनी आज १३०/८० असणारा माणूस यात अडकतो. म्हणून गोळी सुरू होण्याआधीचे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे आकडे जुन्या डॉक्टरकडून मिळवा. नाहीच मिळाले आणि ० टक्के मिळाले, तरी ते नाकारणं नव्हे. आजार सेवेशी जोडला गेला. उद्या पक्षाघात झाला किंवा मूत्रपिंड गेलं, तर ती साखळी तयार आहे. कोऱ्या शून्यासाठी कशाला अर्ज करायचा, असं म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगा.

प्रोस्टेटचा कर्करोग बरा झाला म्हणून अर्ज न करणारे पुष्कळ आहेत. कर्करोग सक्रिय असताना आणि उपचार संपल्यावर सहा महिने रेटिंग १०० टक्के असतं. त्यानंतर पुन्हा तपासणी होते आणि मागे राहिलेल्या त्रासावर टक्के ठरतात. लघवीवर ताबा नसल्याने दिवसातून किती वेळा पॅड बदलावा लागतो, यावर २०, ४० किंवा ६० टक्के. लैंगिक अक्षमतेसाठी वेगळा मासिक भत्ता आहे. हे प्रश्न सुनेने व्याह्यांना विचारायचे नसतात, आणि ते स्वतःहून कुणाला सांगत नाहीत. हा भाग विहीणबाईंवर किंवा संघटनेच्या प्रतिनिधीवर सोपवा, पण सोडू मात्र नका.

पार्किन्सनला किमान ३० टक्के मिळतात. पण तिथे थांबायचं नाही. प्रत्येक हातापायाची थरथर, बोलण्यातला आणि गिळण्यातला अडथळा, तोल जाणं, नैराश्य, स्मृतीवरचा परिणाम, लघवीचा त्रास हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. मेंदूविकारतज्ज्ञाकडून लक्षणांची यादी लिहूनच घ्या.

वैद्यकीय कागदांत निदानाचा स्पष्ट उल्लेख हवा : बायॉप्सीचा अहवाल, अँजिओग्राफी आणि स्टेंटचे कागद, स्ट्रेस टेस्ट, औषधांची यादी. खासगी डॉक्टरांकडचे कागद तुम्ही स्वतः आणून जोडलेले उत्तम. २१-४१४२ फॉर्मवर संमती दिली तर व्हीए मागवते, पण त्यात वेळ जातो.

अर्ज

फॉर्म २१-५२६ईझेड. ऑनलाइन भरला तर लॉगिनसाठी लॉगिन डॉट गव्ह किंवा आयडी डॉट मी चं खातं लागतं. खातं व्याह्यांच्या नावाने, त्यांच्याच समोर बसून काढा. अर्जात विषारी संपर्काचा भाग असतो. तिथे ठिकाण आणि तारखा भरा. आजार साध्या शब्दांत लिहा. "उच्च रक्तदाब, एजंट ऑरेंजचा संपर्क" एवढं पुरतं, वैद्यकीय निबंध नको.

वय ८५ किंवा त्याहून जास्त असेल, आजार शेवटच्या टप्प्यात असेल किंवा घरात पैशांची तीव्र ओढाताण असेल, तर २०-१०२०७ फॉर्म जोडून प्राधान्याने निकाल मागा. हे आपोआप होईल असं धरून चालू नका.

आणि व्हीएच्या आरोग्यसेवेत नाव आधीच नसेल तर तेही घाला. ५ मार्च २०२४ पासून विषारी संपर्क झालेल्या माजी सैनिकांना आधी भरपाईचा अर्ज न करताही तिथे नोंदणी करता येते.

तपासणीचा दिवस

अर्जानंतर व्हीए बहुधा 'सी अँड पी' तपासणीला बोलावते. ती व्हीएच्या दवाखान्यात किंवा कंत्राटदार कंपनीच्या डॉक्टरकडे होते, खर्च काही नाही. कंत्राटदाराचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, तो उचला. तपासणी चुकली आणि योग्य कारण कळवलं नाही, तर हातातल्या कागदांवरच निकाल लागतो आणि तो बहुधा विरोधात जातो.

हा डॉक्टर उपचार करत नाही, नोंद करतो. त्या पिढीच्या सैनिकाला "कसे आहात?" विचारलं की तो "छान" म्हणतो. तेच अहवालात जातं. आदल्या दिवशी बसून लिहून काढा : किती पावलं चालल्यावर दम लागतो, जिना चढताना कुठे थांबावं लागतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, कोणत्या गोष्टी करणं सोडून दिलं. वाढवून काही सांगायचं नाही. पण वाईट दिवस कसा जातो ते सांगायचंच. विहीणबाईंचं लेखी निवेदन अर्जासोबत गेलेलं असेल तर फार मोलाचं. तो माणूस स्वतःपासूनसुद्धा जे लपवतो ते त्या रोज बघत असतात.

टक्के आणि रक्कम

प्रत्येक आजाराला १०-१० च्या पटीत टक्के मिळतात, पण ते बेरजेने वाढत नाहीत. समजा हृदयाला ६० टक्के, मधुमेहाला २०, रक्तदाबाला १० मिळाले. आधी ६० जातात, उरलेल्या ४० चे २० टक्के म्हणजे ८, झाले ६८. उरलेल्या ३२ चे १० टक्के म्हणजे ३.२, झाले साधारण ७१. जवळच्या दहाच्या पटीत आणलं की ७० टक्के.

१ डिसेंबर २०२४ पासूनच्या दराने, कुणी अवलंबून नसलेल्या माजी सैनिकाला १० टक्क्यांना महिना १७५.५१ डॉलर आणि १०० टक्क्यांना ३,८३१.३० डॉलर मिळत. दर डिसेंबरात महागाईप्रमाणे दर बदलतात. ३० टक्क्यांपासून पुढे पत्नीसाठी जास्तीची रक्कम मिळते; तिचं नाव नोंदवायला विसरू नका. या रकमेवर फेडरल आयकर नाही, आणि सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन यामुळे कमी होत नाही.

नकार आला, किंवा पूर्वी आला होता

निर्णयाचं पत्र शेवटपर्यंत वाचा. नकाराचं कारण त्यातच असतं. निर्णयानंतर १ वर्षाच्या आत तीन वाटा असतात. नवा पुरावा असेल तर पुरवणी क्लेम, फॉर्म २०-०९९५. पुरावा तोच पण निर्णय चुकला असं वाटत असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, २०-०९९६. यात नवे कागद देता येत नाहीत. आणि अपील मंडळ, फॉर्म १०१८२. ही वाट लांबची. वर्षाच्या आत पाऊल टाकलं तर मूळ तारीख टिकते. ठिकाणाचा किंवा आजाराचा कागद कमी पडल्यामुळे नकार आला असेल तर मी पुरवणी क्लेमच सुचवेन.

जुन्या नकारांना इथे खास महत्त्व आहे. कायदा बदलल्यामुळे पात्र झालेला माणूस नव्या पुराव्याशिवायही पुरवणी क्लेम करू शकतो. थायलंडमध्ये होते म्हणून २०१० मध्ये नकार, रक्तदाब यादीत नव्हता म्हणून २०१५ मध्ये नकार, अशी पत्रं घरात असतील तर ती बाहेर काढा. कायदा बदलला त्या दिवशीच आजार असेल, तर अर्जाच्या आधीच्या वर्षभरापर्यंतची थकबाकीही मिळू शकते. आणि नेहमर या सामूहिक खटल्याच्या तडजोडीमुळे, यादीतल्या कित्येक आजारांसाठी १९८५ नंतर नाकारलेल्या अर्जांवर त्या जुन्या अर्जाच्या तारखेपर्यंत मागे जाता येतं. जहाजावरच्या माणसांच्या बाबतीत ही थकबाकी फार मोठी असू शकते. इथे मात्र अनुभवी प्रतिनिधी किंवा वकील घ्याच.

भारतात राहत असतील तर

गोव्यात किंवा पुण्यात स्थायिक झालेल्या माजी सैनिकालाही भरपाई तशीच मिळते. त्याचा क्लेम साधारणपणे पिट्सबर्गचं कार्यालय बघतं. सेवेशी जोडलेल्या आजाराच्या भारतातल्या उपचारांचा खर्च व्हीएच्या 'फॉरेन मेडिकल प्रोग्राम'मधून परत मिळू शकतो, त्यासाठी आधी नोंदणी करून ठेवलेली बरी. इथल्या रुग्णालयांचे इंग्रजी अहवाल जसेच्या तसे जोडता येतात. हाताने लिहिलेली चिठ्ठी मात्र डॉक्टरकडून टाइप करून, सही-शिक्क्यासह घ्या.

ते गेल्यानंतर

यादीतल्या आजाराने मृत्यू झाला असेल तर पत्नीला 'डीआयसी' हा मासिक भत्ता मिळू शकतो. पतीने हयातीत कधीच अर्ज केला नसेल तरीही. डिसेंबर २०२४ च्या दराने मूळ रक्कम महिना १,६५३.०७ डॉलर होती. फॉर्म २१पी-५३४ईझेड. मृत्यूनंतर वर्षाच्या आत अर्ज दिला तर भत्ता मृत्यूच्या महिन्यापासून धरला जातो. ५५ व्या वर्षानंतर पुनर्विवाह केला म्हणून तो बंद होत नाही; ही सवलत ५ जानेवारी २०२१ पासूनच्या विवाहांना आहे.

इथे सगळं मृत्युदाखल्यावर येऊन ठेपतं. घाईत त्यावर नुसतं 'हृदयक्रिया बंद' किंवा 'न्यूमोनिया' लिहिलं जातं, आणि मागचा मधुमेह, धमन्यांचा विकार, पार्किन्सन कागदावर येतच नाही. हातभार लावणारं कारण म्हणून त्याची नोंद असली तरी पुष्कळदा पुरते. सही करणाऱ्या डॉक्टरशी कुणीतरी शांतपणे बोलायला हवं. दाखला आधीच निघाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून तो दुरुस्त करून घेता येतो, किंवा त्याचं वेगळं पत्र अर्जाला जोडता येतं.

क्लेम चालू असताना व्याह्यांचं निधन झालं तर तो क्लेम आपोआप पुढे जात नाही. पत्नीने वर्षाच्या आत २१पी-०८४७ फॉर्म देऊन त्यांच्या जागी स्वतःचं नाव लावायचं, मग राहिलेली थकबाकी तिला मिळू शकते. २१पी-५३४ईझेड वेळेत दिला तर त्यातच ही विनंतीही धरली जाते. आणि मुलांबद्दल : व्हिएतनाम किंवा कोरियाच्या पट्ट्यात सेवा केलेल्या सैनिकाच्या मुलाला जन्मतः स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातला दोष, असेल, तर त्या मुलाला स्वतंत्र भत्ता आणि आरोग्यसेवा मिळते, फक्त ऑकल्टा हा सौम्य प्रकार त्यातून वगळलेला आहे. ही मुलं आज पन्नाशीत असतील, तरी अर्ज करता येतो.